नागपुरात मांजर पाळायचं तर: पाण्यापासून दवाखान्यापर्यंत

"मांजराले काय लागते जी, दूध-पोळी टाकली का झालं!" मांजर आणायचं ठरवलंत की शेजारच्या काकू हे सांगणारच. महालातल्या जुन्या वाड्यांत ते खपूनही जायचं. दूध-पोळी नावापुरती असायची, खरं पोट उंदीर-पाली भरायच्या. मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. तिथे मांजराच्या पोटात काय जातं आणि किती पाणी जातं, हे सगळं तुमच्या हातात असतं.

त्यात नागपूरचा उन्हाळा. आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातलं रानमांजर. त्याला पाणी मुख्यतः शिकारीतून मिळायचं; उंदराच्या अंगात साधारण ७० टक्के पाणीच असतं. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि त्याची लघवी घट्ट असते. आपण त्याला जेमतेम १० टक्के पाणी असलेलं ड्राय फूड देतो आणि बाहेर पारा ४५ ला टेकलेला असतो. मूत्रपिंड आणि मूत्राशयाच्या तक्रारींना याहून सोयीची परिस्थिती शोधून सापडणार नाही. म्हणून या लेखात पाणी आणि लघवी हे दोन विषय पुन्हा पुन्हा येतील.

आणण्याआधी

पिल्लू किमान आठ आठवड्यांचं हवं, दहा-बारा आठवडे आईजवळ राहिलेलं असेल तर उत्तम. चावायचं किती आणि नखं कधी आत घ्यायची, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं.

कोणतं आणावं? माझं मत स्पष्ट आहे: देशी आणा. पर्शियन दिसायला कितीही गोंडस असलं तरी बसक्या नाकामुळे त्याला श्वास घ्यायला त्रास होतो, शिवाय अंगावर दाट लोकर. दिवसभर एसी चालवायची तयारी नसेल तर मे महिन्यातल्या नागपुरात त्याला ठेवणं म्हणजे त्या जिवाचे हाल आहेत. आपल्या गल्लीतलं पट्टेरी किंवा तिरंगी पिल्लू या हवेत पिढ्यान्‌पिढ्या तगलेलं असतं.

पिल्लू येण्यापूर्वी खिडक्या बघून घ्या. मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर पडतं, त्याला काही होत नाही, यावर विसंबू नका. वरच्या मजल्यावरून पडलेल्या मांजराचा जबडा आणि पाय मोडतात, छातीला मार बसतो. डासांची नायलॉन जाळी ते नखांनी फाडतं. लोखंडी किंवा स्टीलची जाळी लावा. आपल्याकडची खास अडचण म्हणजे कूलरची खिडकी. स्टँडवर कूलर चढवला की चौकटीत उरलेली फट आपण थर्माकोल नाहीतर पुठ्ठ्याने बुजवतो. मांजर दोन दिवसांत त्याचा भुगा करून बाहेर डोकावतं. तिथे प्लायवूडचा तुकडा स्क्रूने ठोका. पाऊस लागल्यावर कूलर उतरवला की त्याच दिवशी जाळी परत बसवा.

पहिले काही दिवस पिल्लाला एकाच खोलीत ठेवा. एका कोपऱ्यात पाणी, दुसऱ्यात खाणं, तिसऱ्यात लिटरचं (शी-शूसाठी माती भरलेलं) भांडं आणि लपायला आडवं केलेलं खोकं. ते दिवाणाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका. तुम्ही जमिनीवर बसा, मोबाइल बघा, त्याच्याकडे टक लावून पाहू नका. भूक लागली की ते आपणहून येतं. घरातली पोट्टी एवढा धीर धरतील याची खात्री नसेल, तर खोलीची किल्ली तुमच्या खिशात ठेवा.

पाणी: रोजचं पहिलं काम

चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ते प्यावं यासाठी:

भांडं पसरट आणि उथळ घ्या, मिशा कडेला घासणार नाहीत असं. स्टील किंवा चिनीमाती चालेल. प्लास्टिकला वास धरतो, ओरखड्यांत घाण बसते. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा. खाण्याला आणि लिटरला चिकटून नको, कारण जेवणाशेजारचं पाणी बरीच मांजरं टाळतात. सकाळ-संध्याकाळ भांडं घासून ताजं पाणी भरा. माठातलं गार पाणी बहुतेकांना आवडतं. नळाच्या धारेशी खेळणारं मांजर असेल तर छोटं कारंज्याचं भांडं घ्यायला हरकत नाही.

आता मोजायचं कसं? एप्रिल-मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की भांड्यातलं पाणी आपोआपच उतरतं, आणि मांजर छान पाणी पितंय असं आपल्याला वाटत राहतं. यावर सोपा उपाय आहे. सारखी दोन भांडी घ्या, दोन्हींत मापाने तेवढंच पाणी भरा. एक मांजरासाठी ठेवा, दुसरं त्याच खोलीत त्याला पोचता येणार नाही अशा जागी, कपाटावर वगैरे. संध्याकाळी दोन्ही मोजा. कपाटावरच्या भांड्यातलं जेवढं कमी झालं तेवढं हवेने नेलं; त्याहून जास्तीची घट मांजराची. हे रोज करायची गरज नाही, पण आपलं मांजर एरवी किती पितं हे एकदा कळून असावं. पुढे कधी अचानक दुप्पट प्यायला लागलं, तर तेही दुखणंच असतं. मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉइड, विशेषतः वय वाढलेल्या मांजरात.

पाणी पोटात घालायचा खात्रीचा मार्ग म्हणजे खाण्यातून. ड्राय फूडमध्ये कोमट पाणी घाला, ग्रेव्हीचं पाकीट दिलं तर त्यातही दोन चमचे पाणी ढवळा. चिकन उकडलेलं पाणी चालतं, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही नको.

कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र पिऊ देऊ नका. ते दिवसेंदिवस साचलेलं असतं आणि डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून त्यात कोणी रॉकेल ओततं, कोणी औषध टाकतं. टाकीचं झाकण घट्ट बसवा. कूलरचं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ओल्या फरशीवर बसून लोखंडी कूलरला अंग घासणाऱ्या मांजराला शॉक बसायचा धोका तुमच्याइतकाच आहे.

मार्च ते जून

गच्चीखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापते. घरातली त्यातल्या त्यात गार जागा कोणती ते मांजर स्वतः शोधतं: मोरीची फरशी, बंगईखालची सावली, धान्याच्या कोठीमागची सांदी. तिथून हुसकावू नका. कूलर लावताना समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा (अर्थात जाळीसह), नाहीतर खोली दमट होऊन उलट जीव घुसमटतो. बाल्कनीची फरशी दुपारी पंजे भाजण्याइतकी तापते. खाणं पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्या. ओलं अन्न तासाभराहून जास्त उघडं ठेवू नका, नवतप्यात तर अर्ध्या तासातच उचला. आणि "केस कापून टाका, गार वाटेल" हा सल्ला मानू नका; केस उन्हापासून कातडी वाचवतात. रोज ब्रश करून गळके केस काढलेत की पुरे.

उष्माघात ओळखायला एक खूण लक्षात ठेवा. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं त्यात विशेष काही नाही. मांजराने मात्र तोंड उघडून श्वास घेणं नेहमीच काळजीचं. सोबत लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी असेल तर वेळ घालवू नका. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की धोका. साध्या नळाच्या पाण्याने पोट, काखा आणि पंजे भिजवा, पंखा लावा आणि दवाखान्यात निघा. बर्फ लावू नका, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आतली उष्णता आतच राहते. तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं.

खाणं

मांजर पक्कं मांसाहारी आहे. आपल्या घरात मांस शिजत नाही म्हणून त्यालाही वरण-भातावर ठेवू, असं चालत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमकुवत होतं. कुत्र्याचं खाद्यही याच कारणाने नेमाने देऊ नये. घरात मांस नकोच असेल तर तयार कॅट फूड द्या, नाहीतर ससा पाळा.

नुसतं उकडलेलं चिकन हाही पूर्ण आहार नव्हे. त्यात कॅल्शियम फार कमी असतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. म्हणून "संपूर्ण आहार" असं लिहिलेलं कॅट फूड हा पाया, आणि चिकन, अंडं, मासा वरून थोडंसं. घरात राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला फक्त ड्राय फूडवर ठेवलंत तर दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतं. नेमकं प्रमाण पाकिटावर असतं. पिल्लांना दिवसातून चार वेळा, मोठ्यांना दोन-तीन वेळा. वाटी दिवसभर भरून ठेवली की नसबंदी झालेलं मांजर वर्षभरात गोलमटोल होतं, आणि कधी खाल्लं नाही ते तुम्हाला कळतही नाही.

रोहू-कतला आणलात तर उकडून, एकेक काटा काढून आठवड्यातून एखाद्या वेळी द्या. कच्चा नको. शिजवलेली हाडं तर कधीच नको, ती चिरफाळतात आणि आतडं फाडतात. रविवारच्या सावजी रश्शातला तुकडा धुऊन देणारे लोक मला माहीत आहेत. कांदा-लसूण धुतल्याने जात नाही, तो मांसात मुरलेला असतो. कांदा-लसणामुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. मटण शिजवतानाच दोन तुकडे वेगळे काढून साध्या पाण्यात उकडा, प्रश्न मिटला.

आणि दूध. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. आवडीने पितात म्हणजे सोसतं असं नाही. काकूंना हे पटत नाही. त्यांना वादात न हरवता "डॉक्टरांनी मना केलं" एवढंच सांगा.

महिन्यातून एकदा वजन करा. काट्यावर आधी एकट्याने उभे राहा, मग मांजर कडेवर घेऊन.

लिटर

मांजरं जितकी, त्याहून एक भांडं जास्त. म्हणजे एकाला दोन. बाजारातले सुबक डबे बहुधा लहान पडतात. मोठा प्लास्टिकचा टब किंवा घमेलं उत्तम, मांजराला आत वळता आलं पाहिजे. दोन-तीन इंच लिटर भरा. गोळे होणारी बेंटोनाइट माती सगळ्यात सोयीची. बांधकामाची चाळलेली वाळू स्वस्त पडते, पण तिच्यात लघवीचा अंदाज येत नाही आणि तोच तर आपल्याला हवा आहे. आवाज करणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी किंवा येण्याजाण्याच्या वाटेत भांडं ठेवू नका.

दिवसातून दोनदा गोळे काढा. आठवड्यात-दोन आठवड्यांत सगळं रिकामं करून साबण आणि गरम पाण्याने धुवा. फिनाईल आणि डेटॉल दोन्ही मांजराला विषारी आहेत. ते ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं. फरशीही साबणाच्या पाण्याने पुसा.

गोळे काढताना मोजा. दिवसाला दोन ते चार, लिंबाएवढे, आणि एकदा शी, हे बहुतेक निरोगी मांजरांचं गणित. गोळे लहान आणि पुष्कळ झाले, गुलाबी दिसले किंवा मांजर भांड्याबाहेर लघवी करू लागलं तर ते "सूड उगवत" नसतं, त्याला दुखत असतं.

बोक्यांच्या बाबतीत इथे विशेष जागरूक राहा. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, त्यात खडे किंवा चिकट बुच अडकून लघवी पूर्ण बंद होते. तो सारखा लिटरमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि लिटर कोरडंच. बहुतेक जण बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात आणि रात्र काढतात. पण रक्तात पोटॅशियम साचतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबतं. हे दिसलं की त्याच तासाला दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

घरात कोणी गरोदर असेल तर मांजर सोडून द्यायचं कारण नाही. टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला अपाय करणाऱ्या परजीवीची अंडी मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस घेतात. लिटर रोज साफ करा आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या.

लस, जंत, नसबंदी

आठ आठवड्यांना ट्रायकॅटचा (मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, नंतर दरवर्षी. जंताचं औषध पिल्लांना दर दोन-तीन आठवड्यांनी, मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी, वजन करून. मांजर घराबाहेर जात नसलं तरी रेबीजची लस टाळू नका. अनोळखी मांजराने चावलं-ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्यायला जा.

सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. आता ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. तिथल्या रुग्णालयात पाळीव प्राणी तपासतात. खासगी दवाखाना निवडताना फोनवर सरळ विचारा: मांजरं नेहमी बघता का, एक्स-रे आणि सोनोग्राफी आहे का, रात्री कोण भेटतं? मांजराला भूल देणं हे कुत्र्याला भूल देण्यासारखं नसतं, म्हणून पहिला प्रश्न महत्त्वाचा.

नसबंदी पाच-सहा महिन्यांची झाल्यावर करून टाका. "एकदा तरी पिल्लं होऊ द्या" याला वैद्यकीय आधार नाही. भाटी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि जेमतेम दोन महिन्यांत विते. बोक्याची शस्त्रक्रिया लवकर झाली तर पडद्यांवर फवारे मारायची सवयच लागत नाही.

घरातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ते पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी असते. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याचं पर्मेथ्रिनयुक्त औषध लावलं तर झटके येतात. पावसाळ्यात पिसवा वाढतात, केसांत गोल चट्टे दिसले तर ती बुरशी असते आणि घरातल्या माणसांनाही लागते; दोघांनीही आपापल्या डॉक्टरकडे जावं. अख्खा दिवस काहीच खाल्लं नाही तर "उपास करतंय" म्हणून सोडू नका, जाड मांजराचं यकृत अशाने फार लवकर बिघडतं.

मांजा, संत्री आणि इतर

डिसेंबरपासून आपल्याकडे पतंगांचं वेड सुरू होतं आणि संक्रांतीनंतरही महिनाभर तुटका मांजा गच्चीवर, झाडांवर, तारांवर लोंबत असतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो दिसतोच. मांजराला हलणारा दोरा म्हणजे शिकार. त्याची जीभ काटेरी असते, दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, गिळला जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं आणि आतडं त्यावर चुण्या पडून गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आतडं कापलं जातं. तसंच दवाखान्यात न्या. साधा शिवणाचा दोरा आणि सुई-दोराही याच यादीत.

संत्र्याच्या सालीतलं तेल मांजराला बाधतं. उटण्यासाठी साली वाळत घातल्या असतील तर झाकून ठेवा. बहुतेक मांजरं त्या वासानेच दूर पळतात.  देवघरातला कापूर, कपाटातल्या डांबर गोळ्या, उंदराचं औषध हे सगळं बंद डब्यात. लिलीची फुलं घरात नकोच. परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत मांजर आतल्या खोलीत. थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, इंजिनच्या उबेला कोणाचं तरी मांजर झोपलेलं असतं.

खेळ सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, काठीला बांधलेल्या पिसाशी; हाताशी खेळवू नका. नखांचं फक्त पारदर्शक टोक कापा. अंघोळीची गरज नसते.

दवाखान्यात नेताना

कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून काढला तर मांजर तो बघताच पसार होतं. तो वर्षभर दार उघडं ठेवून खोलीतच असू द्या, आत तुमचा जुना टॉवेल आणि कधीमधी खाऊ. वरून उघडणारा घ्या, म्हणजे मांजराला ओढावं लागत नाही. निघताना लिटरचा, उलटीचा फोटो आणि श्वासाचा व्हिडिओ मोबाइलवर असू द्या. झोपेत मिनिटाला २० ते ३० श्वास ठीक, सतत ४० च्या वर असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा. मेमध्ये सकाळी नऊच्या आत पोचेल अशी वेळ घ्या, कॅरियरवर अर्धवट ओला सुती कपडा टाका, हवा खेळती राहील एवढी बाजू उघडी ठेवा. रिक्षात कॅरियर मांडीवर नको, दोन पायांच्या मध्ये खाली, हलणार नाही असा. आणि कितीही ओरडलं तरी "जरा बघू दे" म्हणून दार उघडू नका. व्हरायटी चौकातल्या गर्दीत सुटलेलं मांजर हाती लागत नाही.